वाचक विचारतात : कूलर, एसी आणि खान्देशातले दोन उन्हाळे

खान्देशात उन्हाळे दोन असतात. होळीपासून रोहिणी नक्षत्रापर्यंतचा कोरडा, अंगाची लाही करणारा. आणि मृगाच्या सरी येऊन गेल्यावरचा ओला, चिकट, घाम वाळू न देणारा. यंत्रं मात्र आपण पहिला उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून घेतो आणि दुसऱ्यात ती ‘बिघडली’ म्हणून मिस्त्रीला बोलावतो. या वेळच्या बऱ्याच पत्रांच्या मुळाशी हाच घोटाळा आहे. जागेअभावी पत्रं आटोपशीर केली आहेत.

एप्रिल-मेमध्ये आमचा कूलर खोली गारेगार करतो. जुलैत तोच कूलर, तेच पाणी, तरी अंग चिकचिकतं, गाद्या दमट होतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. मिस्त्री म्हणतो, पंप कमी पाणी टाकतोय, मोठा बसवू. बसवावा का? – एक वाचक, जळगाव

बसवू नका. पंपाचा यात काडीचाही दोष नाही. कूलर हवा गार करतो तो पाण्याच्या गारव्यानं नव्हे, पाणी वाळण्यानं. वाळताना पाण्याला उष्णता लागते आणि ती हवेतून घेतली जाते. म्हणून हवा जितकी कोरडी, तितका कूलर जोरात.

आकडे पाहा. मे महिन्यातल्या दुपारी बाहेर ४३ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक साधारण २३ अंश दाखवतो. ही कूलरची शेवटची पायरी. त्याखाली कितीही महागडा कूलर उतरत नाही. चांगला कूलर ४३ आणि २३ यांतल्या अंतराचा सत्तर-पंच्याहत्तर टक्के भाग कापतो, म्हणजे २८-२९ अंशांची हवा देतो. आता जुलै घ्या : बाहेर ३२ अंश, आर्द्रता ७५ टक्के. ओला तापमापक २८ वर थांबतो. अंतर उरलं चार अंशांचं. कूलर त्यातले तीन कापेल आणि त्या बदल्यात हवेतली आर्द्रता नव्वदीच्या पुढे नेईल. अंगावरचा घाम वाळणंच बंद होतं. मोठा पंप लावल्यानं पॅडमधून पाणी जास्त वाहील, वाळणार मात्र तेवढंच. उलट तुषार उडून पंख्यासोबत अंथरुणावर येतील.

घरच्या घरी पारख करायची तर खोलीचं तापमान मोजणारे दोन साधे तापमापक घ्या (तापाचा चालणार नाही). एकाच्या टोकाला जुन्या धोतराचं ओलं फडकं बांधा आणि दोन्ही तापमापक, कूलर जिथून हवा ओढतो त्या बाजूला, सावलीत, हातपंख्याच्या वाऱ्यात पाच मिनिटं धरा. फरक बारा अंशांहून जास्त असेल तर कूलर ऐन भरात आहे. सहा ते बाराच्या दरम्यान पंप अर्धा तास चालू, अर्धा तास बंद ठेवा. सहाच्या आत आला की पंप बंद करा आणि नुसता पंखा बाहेरची हवा आत ढकलू द्या. पावसाळ्यात कूलरचं काम एवढंच.

कूलर लावून दारं-खिडक्या घट्ट बंद करण्याची सवयही सोडा. ही चूक घरोघरी दिसते आणि मे महिन्यातसुद्धा भोवते. कूलरनं आत ढकललेली ओली हवा कुठून तरी बाहेर पडलीच पाहिजे, नाहीतर पंधरा मिनिटांत खोलीच दमट होते. ताशी ३,००० घनमीटर हवा देणाऱ्या कूलरला समोरच्या बाजूला साधारण साडेतीन ते चार चौरस फूट उघडी जागा हवी, म्हणजे दोन बाय दोन फुटांची खिडकी. ती कूलरच्या बाजूलाच उघडली तर गार हवा पलंगापर्यंत न येता तिथूनच निघून जाते; समोरासमोर उघडा. आणि कूलर खोलीत ठेवून खोलीचीच हवा फिरवू नका, त्याची पाठ बाहेरच्या हवेत असू द्या.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून भिंती ब्रशनं घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या पातळीलगत टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. नुसतं पाणी ओतून दिल्यानं ती जात नाहीत.

गच्चीखालची १२ बाय १२ फुटांची खोली. दीड टनाचा, आर-३२ गॅसचा, इन्व्हर्टर नसलेला एसी, पाच वर्षं झाली. मार्चमध्ये झकास चालतो. मे महिन्यात दुपारी दोन ते पाच बंद पडतो, दहा मिनिटांनी लागतो, पुन्हा पडतो. तीन उन्हाळे झाले, दरवर्षी ‘गॅस संपलाय’ म्हणून भरून घेतो. – एक वाचक, भुसावळ

गॅस ही काही डिझेलसारखी जळून संपणारी वस्तू नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि गळती न शोधता वरून भरणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं. पण तुमच्या एसीत गॅस कमी आहे असं लक्षणांवरून दिसत नाही. गॅस कमी असेल तर एसी मार्चमध्येही नीट गार करत नाही आणि आतल्या जाळीवर बर्फ धरतो. तुमचा मार्चमध्ये उत्तम चालतो आणि भर दुपारीच पडतो. म्हणजे दुखणं बाहेरच्या युनिटचं किंवा विजेचं असावं. दरवर्षी वरून भरलेल्या गॅसनं ते वाढलंही असेल.

बाहेरच्या युनिटला खोलीतली उष्णता ४५ अंशांच्या हवेत टाकायची असते. त्यासाठी आतला गॅस त्या हवेपेक्षा बराच गरम, साठ अंशांच्या आसपास, असावा लागतो आणि गॅस जितका गरम तितका त्याचा दाब जास्त. जाळी धुळीनं बुजली, समोर भिंत आली, गॅस जास्त भरला गेला, यांतलं काहीही झालं की दाब आणखी चढतो, कॉम्प्रेसर तापतो आणि त्यातलं संरक्षक स्विच, ओव्हरलोड, तो बंद करतं. थंड झाला की पुन्हा लागतो. तुम्ही सांगता तेच चक्र.

आधी एक मोजमाप करा. एसी पंधरा मिनिटं चालल्यावर आतल्या युनिटमध्ये वरून शिरणाऱ्या आणि खालून येणाऱ्या हवेचं तापमान मोजा. फरक ८ ते १२ अंश असेल, तर आतली बाजू आणि गॅस ठीक आहेत. मग पुढच्या गोष्टी या क्रमानं पाहा.

बाहेरच्या युनिटमागे किमान एक वीत आणि समोर दोन-तीन फूट मोकळी जागा हवी. पश्चिमेच्या भिंतीवर, गच्चीच्या कठड्याच्या कोपऱ्यात बसवलेल्या युनिटला आपलीच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढावी लागते. बाहेर ४५ अंश असले तरी त्या कोपऱ्यात पन्नासच्या पुढे जातात. सावली करा, पण वरून आणि लांबून. पोत्यानं किंवा पत्र्यानं वेढू नका.

मग जाळी. एमसीबी पाडून, युनिटचं झाकण काढून, आतून बाहेरच्या दिशेनं, बागेच्या नळीच्या हलक्या धारेनं धुवा. बाहेरून आत मारलेली धार धूळ आणखी आत दाबते; गाडी धुण्याच्या प्रेशर पंपानं ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वाकतात. विजेच्या डब्याला पाणी लागू देऊ नका. जिनिंगजवळ राहत असाल तर कापसाची तूस या जाळीवर गोधडीसारखी बसते. ती आधी मऊ ब्रशनं उभी काढा, मग पाणी.

तिसरी गोष्ट कॅपॅसिटर, ज्याला आपले कारागीर ‘कंडेन्सर’ म्हणतात. दीड टनाच्या साध्या कॉम्प्रेसरवर तो साधारण ३५ ते ५० मायक्रोफॅरडचा असतो. उष्णतेनं त्याची ताकद घटते. मोजल्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घटलेला निघाला, किंवा डोकं फुगलेलं दिसलं, तर त्याच आकड्याचा आणि ४४० व्होल्टचा नवा घाला. वीज बंद केल्यावरही त्यात जबर झटका देण्याइतका भार राहतो. हे काम कारागिराकडूनच करून घ्या. बाहेरच्या पंख्याचा लहान कॅपॅसिटरही त्याच वेळी मोजायला सांगा. पंखा मंद फिरला तरी नेमकी हीच लक्षणं दिसतात.

दुपारचा व्होल्टेज मीटरनं पाहा, तोही कॉम्प्रेसर चालू असताना, एसीच्याच सॉकेटवर. १८० च्या आसपास आला तर कॉम्प्रेसर जास्त करंट ओढून तापतो. सॉकेटवर कमी आणि घराच्या वीजमीटरपाशी ठीक असेल तर घरातली तार बारीक आहे. दीड टनाला मीटरपासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ओढा. दोन्हीकडे कमी असेल तर ४ केव्हीएचा स्टॅबिलायझर लागेल.

एवढं करूनही पडत असेल तर गॅस काढून, वजन करून पुन्हा भरायला सांगा. किती ग्रॅम भरायचा ते बाहेरच्या युनिटच्या नावपट्टीवर लिहिलेलं असतं. ‘गेजवर १३० आला, झालं’ हा अंदाज भर उन्हात फसतो, कारण बाहेरचं आणि खोलीतलं तापमान बदललं की दाबही बदलतो. खरोखर गळती निघाली, तर नायट्रोजन भरून दाब धरतो का ते पाहायचं आणि जोडांवर साबणाचा फेस लावायचा. पितळी फ्लेअर नटपाशी तेलाचा डाग दिसला की चोर बहुतेक सापडला. जोड पक्का झाल्यावर व्हॅक्युम पंपानं किमान अर्धा तास हवा आणि ओल बाहेर काढायची, ५०० मायक्रॉनपर्यंत, आणि पंप बंद केल्यावर दहा मिनिटं काटा स्थिर राहिला पाहिजे. दाब तपासायला कुणी ऑक्सिजनची टाकी आणली तर काम तिथंच थांबवा. कॉम्प्रेसरच्या तेलाशी ऑक्सिजन दाबाखाली आला की स्फोट होतो. आर-३२ थोडा ज्वलनशीलही आहे, म्हणून भरताना किंवा काढताना जवळ विडी नको, देवघरातला दिवाही नको.

एक काम मात्र यंत्राबाहेरचं. तुमचा स्लॅब दिवसभर तापून रात्री बारापर्यंत उष्णता खाली सोडतो आणि एसीचा बराच जीव त्याच्याशी झुंजण्यात जातो. आखाजीच्या आधी गच्ची झाडून, धुऊन, तडे बुजवून भिजवलेल्या चुन्याचे किंवा उष्णता परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात द्या. जुन्या धाब्याच्या घरांत मातीचा जाड थर जे काम करायचा, ते सिमेंटचा चार-पाच इंची स्लॅब आपण होऊन करत नाही.

आमचा पत्र्याचा कूलर हात लावला की झिणझिण्या देतो. प्लग उलटा लावला की थांबतं. तसंच वापरावं का? – एक वाचक, शिरपूर

आजपासून वापरू नका. प्लग उलटा केल्यानं दोष जात नाही, लपतो. ओल्या फरशीवर, अनवाणी, पत्र्याच्या कूलरला हात : विजेला माणूस मारायला यापेक्षा सोपी वाट मिळत नाही, आणि लेकरं कूलरमध्ये पाणी टाकायला किंवा गार वारा घ्यायला सगळ्यात आधी धावतात.

प्लग उलटा लावता येतो, याचाच अर्थ तो दोन पिनांचा आहे आणि कूलरला अर्थिंग नाही. तीन पिनांचा प्लग, तीन तारांची केबल, आणि हिरवी तार पत्र्याला रंग खरवडून नट-वॉशरनं घट्ट. नंतर दोष शोधा. बहुतेक वेळा तो पंपात असतो : आतलं सील जाऊन पाणी वाइंडिंगपर्यंत पोचतं, किंवा पंपाच्या तारेचा टेप गुंडाळलेला जोड पाण्यात बुडालेला असतो. वायरमनला पंप आणि पंख्याची मोटर वेगवेगळी सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरनं (वीज पत्र्याकडे गळते का ते मोजणाऱ्या यंत्रानं) तपासायला सांगा. तार आणि पत्रा यांच्यात एक मेगओहमपेक्षा कमी आलं तर ती वस्तू बदला. पंप नवा घ्या, तो दुरुस्त करत बसू नका. तारेचा जोड पाण्याच्या वर आणि डब्यात असला पाहिजे.

घराच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारं स्विच) बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा तिचं चाचणीचं बटण दाबून पाहा. साधी एमसीबी माणसाला वाचवत नाही. ती तार वाचवते. काही ठिकाणी अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रलच अर्थच्या पिनेला जोडलेला असतो. हे फार घातक आहे : खांबावरून येणारा न्यूट्रल तुटला की घरातल्या प्रत्येक यंत्राचा पत्रा जिवंत होतो.

अर्थिंग आहे म्हणणाऱ्यांनीही मे महिन्यात खड्डा पाहावा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, नळीपासून सुटते आणि कोरडी पडते. पावसाळ्यात चांगला असलेला अर्थ तेव्हा नावापुरता उरतो. ३८ मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप उभा गाडलेला असावा आणि उन्हाळाभर आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी त्या खड्ड्यात जावं. पाणी भरताना कूलरचा प्लग काढलेलाच हवा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही.

बोअरचं पाणी वापरतो. महिन्याभरात पॅडवर पांढरा थर येतो, वारा कमी होतो, पंप अडकतो. आरओचं वाया जाणारं पाणी टाकलं तर चालेल? – एक वाचक, अमळनेर

आरओचं वाया जाणारं पाणी नकोच. त्यात मूळ पाण्यातले क्षार दाटलेले असतात. थर दुप्पट वेगानं येईल.

कडक उन्हात मोठा कूलर तासाला पंधरा लिटरच्या आसपास पाणी वाळवतो. आठ तासांत १२० लिटर. तुमच्या बोअरच्या पाण्यात लिटरमागे ८०० मिलिग्रॅम क्षार असतील, तर रोज ९६ ग्रॅम क्षार कूलरमध्येच मागे राहतात, कारण वाफेसोबत ते जात नाहीत. महिन्याला जवळपास तीन किलो. टाकीत फक्त वरून भर घालत राहिलात तर हे सगळं पॅडवरच बसणार. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी टाकीतलं उरलेलं पाणी काढून टाका. क्षार सोसणाऱ्या झाडांना किंवा अंगणात शिंपडायला ते चालतं.

बसलेला थर काढायला हनीकॉम्ब पॅड असेल तर वीस लिटर पाण्यात २०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानातलं लिंबूसत्व) विरघळवून, पंखा बंद ठेवून नुसता पंप दीड तास फिरवा, मग पाणी सोडून द्या आणि साध्या पाण्यानं पुन्हा फिरवा. बाथरूम साफ करायचं ॲसिड वापरू नका, ते पत्र्याचा जस्ताचा थर खातं. ब्लीचिंग पावडरही नको, तिनं पॅडचा कागद कुजतो. लाकडाच्या बारीक धाग्यांच्या, म्हणजे आपण ‘गवत’ म्हणतो त्या पॅडवर हे उपाय करण्यात अर्थ नाही. ते दर हंगामाला बदला. बसवताना वरच्या कडेला पोकळी राहू देऊ नका. गवत ओलं होऊन खाली बसतं, वर बोटभर फट पडते आणि कोरडी गरम हवा त्या फटीतूनच आत येते. मग मालक म्हणतो, पॅड नवीन आहेत तरी गार होत नाही. वरच्या पन्हाळीची भोकं दाभणानं मोकळी केलीत का, तेही पाहा. पॅडवर एखादा उभा कोरडा पट्टा दिसला तर त्यावरचं भोक बुजलेलं आहे.

घरात एसी असेल तर त्याचं ठिबकणारं पाणी कूलरमध्ये टाका. हवेतून जमलेलं असल्यानं त्यात क्षार जवळपास नसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र ते घालू नका, त्यात जाळीवरची धूळ आणि धातूचे अंश उतरलेले असतात.

घर केळीच्या बागेत आहे. गावात शेजाऱ्याचा कूलर चालतो, आमचा मे महिन्यातही तसा चालत नाही. एसी लावला, पण तो कूलरसोबत चालवला की दोन्हीही निकामी. – एक वाचक, रावेर

दोन्ही एकत्र कधीच चालवू नका. कूलर खोलीत पाण्याची वाफ भरतो, एसी तीच वाफ जाळीवर थंड करून, तिचं पाणी करून बाहेर टाकतो. तुम्ही पैसे देऊन एकाला पाणी भरायला आणि दुसऱ्याला उपसायला लावलंय. एसीसोबत फक्त छताचा पंखा, तोही मंद. तापमान २५-२६ ठेवा.

केळीची मोठी पानं आणि ठिबकनं ओली राहिलेली जमीन दिवसभर वाफ सोडतात, त्यामुळे बागेतली हवा गावातल्या हवेपेक्षा दमट राहते. वर सांगितलेली दोन तापमापकांची पारख घराच्या चारही बाजूंनी करा आणि जिथं फरक जास्त येईल, म्हणजे बहुधा रस्त्याच्या किंवा मोकळ्या खळ्याच्या बाजूला, कूलरची पाठ तिकडे वळवा.

पावसाळा लागला की एसीच्या आतल्या युनिटमधून भिंतीवर पाणी उतरतं. शिवाय आंबूस वास. – एक वाचक, शहादा

कोरड्या मे महिन्यात एसी जेमतेम थोडं पाणी काढतो. जुलैत तेच कितीतरी पटींनी वाढतं आणि वर्षभर साचलेली बुळबुळीत शेवाळी निचऱ्याच्या नळीत अडकते. नळीचं बाहेरचं टोक शोधा. ते बादलीतल्या पाण्यात बुडालेलं असेल तर आधी बाहेर काढा, कारण नळीत हवा कोंडून पाणी मागे फिरतं. मग त्या टोकातून हवेच्या पंपानं जोरात हवा मारा किंवा व्हॅक्युम क्लीनरनं ओढा; गोळा बाहेर पडतो. लवचीक नळी कुठं झोळीसारखी लोंबत असेल तर तिथं कायम पाणी साचतं. दर मीटर लांबीला किमान एक सेंटिमीटर उतार सलग हवा. आतलं युनिट लेव्हलनं तपासा, निचऱ्याच्या उलट बाजूला कललं असेल तर नळी साफ असूनही पाणी भिंतीवरच येईल.

नळी मोकळी असूनही ठिबकत असेल तर तांब्याच्या नळ्यांवरचं काळं वेष्टन पाहा. ते फाटलं की उघड्या गार नळीवर हवेतली वाफ पाणी होऊन सुटते. पावसाळ्यासाठी १३ मिलिमीटर जाडीचं वेष्टन घ्या आणि जोडांवर टेपही तितकाच घट्ट. दार उघडं ठेवून १८ अंशांवर एसी चालवला तर झडपांवरही दव धरतं. तो बिघाड नव्हे.

वास येतो तो ओल्या जाळीवर आणि आतल्या लांबट पंख्यावर वाढलेल्या बुरशीचा. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा, वर्षातून एकदा युनिटखाली पिशवी लावून पंखा नीट धुऊन घ्या. रोज एसी बंद करण्याआधी पंधरा मिनिटं नुसत्या फॅनवर ठेवा, जाळी वाळते. वास दाबायला अत्तर किंवा फवारे मारू नका. त्यांतले काही पदार्थ जाळीच्या तांब्याला हळूहळू खातात आणि मुंग्यांच्या वारुळासारखी बारीक छिद्रं पडून गॅस गळू लागतो.

बारा वर्षांचा दीड टनाचा एसी, आर-२२ गॅसचा. आतली जाळी गळते. बदलावी की नवा एसी घ्यावा? एक कारागीर म्हणतो, यातच आर-३२ भरून देतो. – एक वाचक, चाळीसगाव

त्या कारागिराला भरू देऊ नका. आर-३२ चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो, तुमचा कॉम्प्रेसर आणि नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, आणि दोन्हींचं तेलही वेगळं. स्वस्तात घरगुती गॅससारखं काही भरून देणारेही भेटतात. खोलीत गळला तर तो पेट घेतो.

गळती फ्लेअर नटवर असती तर दुरुस्त करा म्हटलं असतं. जाळीच गेली असेल आणि यंत्र बारा वर्षांचं असेल, तर नवा घ्या. आर-२२ टप्प्याटप्प्यानं बंद होतोय, सुटे भागही मिळेनासे होतील.

घेताना ताऱ्यांपेक्षा लेबलवरचा आयएसईईआरचा (हंगामभरात विजेच्या मानानं किती गारवा मिळतो त्याचा) आकडा पाहा, कारण ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होत जातात. वार्षिक युनिटही तिथंच लिहिलेले असतात. ते १,६०० तासांच्या वापरासाठी धरलेले आहेत. तुमचा वापर ८०० तास असेल तर निम्मे धरा, दोन मॉडेलांतला फरक तुमच्या बिलातल्या युनिटच्या दरानं गुणा, म्हणजे महागडं मॉडेल किती वर्षांत फिटतं ते कळेल. चाळीसगावला विचारायचा खरा प्रश्न मात्र वेगळा : ४६ अंशांना हा एसी किती गारवा देतो? लेबलवरची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. दुकानदाराला माहितीपत्रकातला तो आकडा दाखवायला सांगा. दाखवता आला नाही तर दुसरं मॉडेल पाहा.

गच्चीखालच्या १२ बाय १२ च्या खोलीला दीड टन योग्य. वर आणखी मजला असेल तर एक टनही पुरतो. गरजेपेक्षा मोठा एसी पावसाळ्यात त्रास देतो : खोली पाच मिनिटांत गार करून थांबतो, हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि गार असूनही कोंदट वाटतं. जुन्या तांब्याच्या नळ्या नव्याला जोडू देऊ नका. नव्याला ०.८ मिलिमीटर जाडीची नळी घ्या आणि बसवताना व्हॅक्युम पंप लावतात की नुसता थोडा गॅस सोडून ‘हवा काढली’ म्हणतात, ते उभं राहून पाहा.

जानेवारीत रात्री फार गारठतं. खोलीत कोळशाची शेगडी ठेवतो. गिझरही आता अर्धा तास घेतो, पूर्वी लवकर तापायचा. – एक वाचक, धडगाव

शेगडी आज रात्रीपासून बाहेर. धुमसत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. बंद बाथरूममधला गॅस गिझरही तसाच धोक्याचा, त्याला बाहेर बसवा. खोलीसाठी तेल भरलेला विजेचा रेडिएटर घ्या, १६ अँपिअरच्या सॉकेटवर, पांघरुणापासून तीन फूट दूर.

गिझरचा हिशेब सोपा आहे : १५ लिटर पाणी २० वरून ५५ अंशांवर न्यायला दोन किलोवॅटच्या एलिमेंटला अठरा-वीस मिनिटं लागतात. अर्धा तास लागत असेल तर आधी व्होल्टेज पाहा. तो २३० वरून १९० वर आला तर एलिमेंटची ताकद तिसऱ्या हिश्श्यानं घटते. व्होल्टेज ठीक असेल तर टाकीत क्षारांचा गाळ साचलाय का ते पाहा. वीज आणि पाणी बंद करून टाकी रिकामी करा, एलिमेंट काढून लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात तासभर बुडवा, त्याला तडा दिसला तर बदला. त्याच वेळी मॅग्नेशियमची अॅनोड कांडी पाहा. ती झिजायलाच बसवलेली असते, टाकीऐवजी स्वतः गंजते. निम्म्याहून बारीक झाली असेल तर नवी घाला, बोअरच्या पाण्यावर दर दीड-दोन वर्षांनी. आणि नवं रबरी वॉशर आठवणीनं मागून घ्या, जुनं पुन्हा बसत नाही.